का हरलो? खेळाडूला खरं कारण शोधायला कसं शिकवावं

सामना संपल्या संपल्या कारणं विचारू नका. त्या वेळी जिंकलेला सगळं श्रेय स्वतःकडे घेतो, हरलेला पंच, मॅट नाहीतर नशिबाच्या माथी मारतो. मन स्वतःला सावरतं ते असं. त्यावरून पोरांना झापू नये. डोकं थंड झाल्यावर, पण पुढच्या सरावाआधी, वही काढायला लावा.

१. आधी खेळाडूने लिहायचं, प्रशिक्षकाने नंतर बोलायचं. 'का हरलो' एवढं मोघम नको; दोन जमलेले आणि दोन फसलेले प्रसंग घ्या.

२. प्रत्येक कारणाला बर्नार्ड वायनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीतले तीन प्रश्न लावा. कारण माझ्यातलं की बाहेरचं? कायमचं की बदलणारं? माझ्या हातातलं की नाही? 'माझ्यात ती कुवतच नाही' हे उत्तर सगळ्यांत घातक. ते आतलं, कायमचं आणि हाताबाहेरचं. मग सराव तरी कशाला करायचा?

३. लिहिलेलं व्हिडिओशी ताडून बघा. कबड्डीत नेहमीची तक्रार असते, 'पंचांनी बोनस दिला नाही.' बोनस म्हणजे चढाईत बोनस रेषा ओलांडल्याचा जादा गुण. समोर ६ पेक्षा कमी बचावपटू असतील तर बोनस नसतोच. ६ होते, तर रेषा ओलांडताना मागचा पाय हवेत होता का? टेकलेला दिसला की कारणच बदलतं: 'मागचा पाय उशिरा उचलला.' हे उद्याच्या सरावात घोटून घेता येतं. पाय हवेत असेल, तर पंच चुकले हे सरळ मान्य करा. उगाच दोष अंगावर ओढून घेण्यात काही शहाणपण नाही.

४. अपयशाला बदलता येणारं कारण द्या. मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांच्या १९७५ च्या प्रयोगात लवकर हात टेकणाऱ्या मुलांपैकी काहींना फक्त यश मिळू दिलं. बाकीच्यांना मधूनमधून अपयश दिलं आणि प्रयत्न कमी पडल्याचं सांगितलं. पुढे अपयश आलं तेव्हा हा दुसरा गटच टिकला. म्हणून नुसते सोपे सामने खेळवून भागत नाही.

पण 'मेहनत कमी पडली' हे सरसकट सांगू नका. जीव तोडून सराव करणारा त्यातून एवढंच ऐकतो, की आपली कुवतच नाही. त्याला पद्धत दाखवा: चढाईचा कोन, चढाईच्या ३० सेकंदांचा हिशेब, दोन चढाया रिकाम्या घालवून तिसरीला (जिच्यात गुण मिळवावाच लागतो, नाहीतर बाद) कोंडीत सापडण्याची सवय.

५. शेवटी पुढच्या सरावासाठी एकच काम लिहून घ्या. जिंकलेल्या सामन्यानंतरही हेच करा. प्रतिस्पर्ध्याच्या चुकीने मिळालेले गुण वेगळे मोजा.