अत्याचार सोसलेल्या मुलाला घरात कसं सांभाळायचं

मी शाळेत समुपदेशक आहे. माझ्याकडे येणारे पालक सहसा "अत्याचार" हा शब्द घेऊन येत नाहीत. "हल्ली सारखा अंगावर येतो", "पुन्हा गादी ओली करायला लागली", "पोट दुखतं म्हणते, पण तपासण्या सगळ्या नॉर्मल" अशी सुरुवात असते. यातल्या प्रत्येक गोष्टीला दुसरीही कारणं असतात, म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका. पण वागणं अचानक बदललं आणि एखाद्या माणसाचं नाव निघताच मूल आक्रसून गेलं, तर तारीख घालून लिहून ठेवा. मूल जे म्हणालं ते त्याच्याच शब्दांत लिहा, तुमच्या नव्हे.

ते सांगायला लागलं, की हातातलं काम ठेवा आणि त्याच्या उंचीला येऊन बसा. "मग काय झालं?" एवढंच विचारा. "त्यानं इथे हात लावला का?" असं विचारलंत तर उत्तर तुम्हीच भरवता आणि पुढे चौकशीत मुलाचंच म्हणणं लंगडं पडतं. "आधी का नाही सांगितलंस?" हे तर अजिबात नको. "सांगितलंस ते बरं केलंस, चूक तुझी नाही," हे म्हणा. "कुणाला सांगणार नाही" असं वचन मात्र देऊ नका. त्याच्या सुरक्षिततेसाठी सांगावं लागणारच आहे. कोणाला आणि का, ते त्याला आधी सांगा. त्या माणसाशी मुलाचा संपर्क त्याच दिवशी तोडा.

नंतर मूल "मी खोटं बोललो" म्हणू शकतं. रोलंड समिट या मानसोपचारतज्ज्ञानं १९८३ मध्येच लिहून ठेवलंय, की उशिरा, अडखळत सांगणं आणि मग माघार घेणं हे लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलांमध्ये दिसतं. तेव्हा तेवढ्यावरून प्रकरण मिटलं असं धरू नका.

सगळ्यांत चिवट असतो तो अपराधीपणा. ज्याच्यावर आपलं जेवणखाण, झोप अवलंबून आहे तो माणूस वाईट, हे मानण्यापेक्षा "मीच वाईट" हे मुलाला सोपं जातं. मोठी मुलं विचारतात, "मी ओरडले का नाही?" त्यांना सरळ सांगा: अति भीतीत शरीर गोठतं, हातपाय ऐकत नाहीत, आवाज फुटत नाही, ती संमती नव्हे. आणि एक गोष्ट पालकांना फार जड जाते, तरी सांगते. त्या माणसाला मुलासमोर "राक्षस" म्हणू नका. मुलाचा त्याच्यावर जीव असू शकतो. तुम्ही शिव्या घातल्यात की मुलाला त्याची आठवण येते हेसुद्धा तुमच्यापासून लपवायला लागतं, आणि मग बाकीचंही.

रोजच्या दिवसात अंदाज येईल असं काही ठेवा. जेवणझोपेच्या वेळा शक्यतो त्याच असू द्या, पाहुणे येणार असतील तर आधी सांगा, खोलीत शिरताना दार वाजवा, जवळ घेण्याआधी विचारा. रात्री दिवा चालू ठेवायचा की नाही, ते मूल ठरवेल. शिस्त सोडू नका, पण आवाज चढवून आणि हात उगारून ती लागणार नाही. तिथे भीतीच परत जागी होते.

कधी मुलाचे डोळे शून्यात जातील, हाक ऐकू येणार नाही. तेव्हा हलवू नका. थोडं अंतर ठेवून, हळू आवाजात त्याचं नाव, आजचा वार आणि आपण कुठे आहोत ते सांगा. पाय जमिनीवर टेकायला लावा, गार पाण्याचा पेला हातात द्या. "शांत हो"चा काही उपयोग नसतो.

उपचारांत आघातकेंद्रित सीबीटीचा, म्हणजे आघातानंतरचे विचार, भावना आणि वागणं यांवर बोलून काम करणाऱ्या मानसोपचार पद्धतीचा, अभ्यास चांगला झालेला आहे. सत्रं साधारण १२ ते २५ होतात आणि सांभाळणाऱ्या मोठ्या माणसालाही त्यात भाग घ्यावा लागतो. तुम्हाला बाहेरच बसवणार असतील, तर का ते विचारा. मूल स्वतःला इजा करत असेल किंवा मरणाचं बोलत असेल, तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी तातडीच्या विभागात न्या, तोवर एकटं सोडू नका.

वयात येताना किंवा पहिल्या प्रेमाच्या वेळी जुनं पुन्हा वर येऊ शकतं. म्हणून आधीचे उपचार वाया गेले असं होत नाही. काही सत्रं पुन्हा घेता येतात. परत यायचं झालं तर कुणाकडे, हे शेवटच्या सत्रातच विचारून ठेवा.