डोमेनची मुदत संपल्यावर काय करावे

डोमेनची, म्हणजे संकेतस्थळाच्या इंटरनेटवरील नावाची, मुदत संपली म्हणजे नाव त्याच दिवशी हातचे गेले, असे होत नाही. मात्र त्यावरचे संकेतस्थळ आणि ईमेल थोड्याच दिवसांत बंद पडू शकतात. गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंतच्या होमस्टेवाल्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे, कारण पावसाळ्यात आरक्षणे थंडावलेली असतात आणि संकेतस्थळ बंद पडल्याचे लवकर लक्षात येत नाही.

समजा, एका डॉट कॉम नावाची मुदत १० जूनला संपली. त्यानंतर जास्तीत जास्त ४५ दिवस, म्हणजे २५ जुलैपर्यंत, साधे नूतनीकरण होऊ शकते. पण हा अवधी रजिस्ट्रार, म्हणजे ज्या कंपनीकडे नाव नोंदवले ती, कमी करू शकतो आणि काही रजिस्ट्रार याच काळात नाव लिलावात काढतात, म्हणून ४५ दिवस हा आपला हक्क समजू नये. नाव रद्द झाल्यावर पुढचे ३० दिवस ते जुन्या धारकालाच, त्याच रजिस्ट्रारमार्फत, परत मिळवता येते, परंतु त्यासाठी नूतनीकरणापेक्षा बरेच जास्त शुल्क पडते. शेवटचे ५ दिवस कोणालाच काही करता येत नाही. त्यानंतर, ऑगस्टअखेरीस, म्हणजे पर्यटनाचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच, ते नाव कोणीही घेऊ शकतो. डॉट इनचा कारभार निक्सी या भारतीय संस्थेकडे असल्याने त्या नावांचे नियम रजिस्ट्रारकडून वेगळे तपासून घ्यावेत.

मुदत संपल्याचे कळताच रजिस्ट्रारच्या खात्यात शिरून पैसे भरावेत. ईमेलमधून आलेल्या दुव्यावर भरू नयेत, कारण नूतनीकरणाच्या नावाने फसवी पत्रे सर्रास येतात. खरी अडचण पुढे आहे. डोमेन नावांचा जागतिक कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नियमानुसार डॉट कॉमसारख्या नावांसाठी रजिस्ट्रारने सुमारे एक महिना व एक आठवडा आधी, तसेच मुदत संपल्यावर ५ दिवसांच्या आत सूचना पाठवावी लागते. खात्यातला ईमेल पत्ता त्याच डोमेनचा असेल, तर शेवटची सूचना आणि पासवर्ड बदलण्याचा दुवा, दोन्ही बंद पेटीकडे जातात. तिथे वेगळ्या सेवेचा पत्ता द्यावा. संकेतस्थळ म्हापशाच्या किंवा मडगावच्या डिझायनरने केले असले, तरी धारक म्हणून नाव आपलेच आहे ना, हेही पाहावे. माझ्या मते सर्वांत महत्त्वाची तपासणी हीच.

स्वयंचलित नूतनीकरणावर विसंबू नये. रिझर्व्ह बँकेचे १ ऑक्टोबर २०२१ पासूनचे नियम लागू झाल्यावर परदेशी रजिस्ट्रारची आपोआप होणारी कपात भारतीय कार्डावर अडकू शकते. पैसे भरल्यावर संकेतस्थळ सर्वत्र दिसायला एक-दोन दिवस लागू शकतात, तेवढ्यात होस्टिंगमध्ये, म्हणजे संकेतस्थळ जिथे साठवलेले असते त्या सेवेत, काही बदलू नये.