अनामिका आणि करंगळी: पियानोवरील अवघड रचनांसाठी दुबळी बोटे हळूहळू कशी तयार करावीत

उजवा पंजा टेबलावर पालथा ठेवा, मधले बोट तळव्याखाली दुमडा आणि बाकीची बोटे एकेक करून वर उचलून पाहा. अंगठा, तर्जनी आणि करंगळी सहज उचलली जातात. अनामिका मात्र जागची हलत नाही, किंवा जेमतेम हलते. हा रियाजाचा अभाव नव्हे, ती हाताची रचना आहे. चारही बोटांना वर उचलणारा मुख्य स्नायू सामाईक असतो आणि त्याच्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) पंजाच्या पाठीवर एकमेकींना आडव्या पट्ट्यांनी बांधलेल्या असतात. तर्जनीला आणि करंगळीला उचलण्यासाठी त्याखेरीज स्वतःचा एकेक स्नायू मिळालेला आहे, अनामिकेला तो नाही. कितीही वर्षे मेहनत केली तरी ही बांधणी बदलत नाही. म्हणून या लेखात ‘बोटे बळकट करणे’ याचा अर्थ अनामिकेत जोर भरणे असा नाही, तर तिच्यामागे संपूर्ण हात उभा करायला शिकणे असा आहे.

रबराचे चेंडू दाबणे, स्प्रिंगची साधने वापरणे, बोटांना रबरबँड अडकवून ताणणे, हे सल्ले आजही सर्रास दिले जातात आणि ते ऐकू नयेत असे मी ठामपणे सांगेन. पियानोची पट्टी खाली जाण्यासाठी साधारण ५० ग्रॅम वजन पुरते आणि पट्टी जेमतेम एक सेंटिमीटर खाली जाते. एवढी ताकद कोणत्याही निरोगी अनामिकेत असतेच. कमी असतो तो ताबा. रॉबर्ट शुमान या जर्मन संगीतकाराने उजव्या हाताची बोटे स्वतंत्र करण्यासाठी यांत्रिक साधन वापरले होते आणि १८३२ च्या सुमारास त्या हाताच्या दुखण्यामुळे त्याला वादक होण्याचे स्वप्न सोडावे लागले. दुखण्याचे नेमके कारण कोणते, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. पण अशा साधनाला हात लावण्याआधी शुमानची आठवण ठेवणे शहाणपणाचे ठरेल.

बैठकीची उंची, पाठ, हातांची ठेवण ही तयारी वाचकाला ठाऊक आहे असे मी धरून चालतो. बोटांचे आकडे नेहमीचेच: अंगठा १, करंगळी ५. वाद्य डिजिटल असले तरी चालेल, मात्र त्याच्या पट्ट्या वजनदार हव्यात. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात असतो तसल्या हलक्या पट्ट्यांच्या कीबोर्डवर हे काम होणार नाही.

संपूर्ण रचना घेऊन बसू नका, तिच्यातला दुबळ्या बोटांची परीक्षा घेणारा तुकडा निवडा. बेथोव्हनची ‘फ्यूर एलिझ’ जळगाव-भुसावळपासून नंदुरबारपर्यंत पियानो शिकणाऱ्या प्रत्येकाला वाजवायची असते आणि बहुतेकांची समजूत अशी असते की ती सोपी आहे. १८१० ची ही रचना बेथोव्हनच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी, १८६७ मध्ये छापली गेली. तिची सुरुवात पांढरी तीन (E) आणि काळी दोन (D शार्प) यांच्यात आलटून पालटून होते, बहुतेक आवृत्त्यांत तिथे ५-४-५-४-५ अशी बोटे दिलेली असतात आणि त्यावर अत्यंत हळुवार वाजवण्याची खूण असते. म्हणजे हातातली सर्वांत परावलंबी जोडी, तीही हळू आवाजात आणि अगदी पहिल्याच स्वरापासून. जोरात वाजवताना असमानता लपते. हळू वाजवताना ती उघडी पडते.

इथे आपल्या भागातल्या शिकणाऱ्यांची एक वेगळी अडचण सांगितली पाहिजे. खानदेशात पियानोकडे येणारे बरेच जण पेटीवरून, भजनी मंडळातून आलेले असतात. त्यांना स्वरज्ञान उत्तम असते आणि उजवा हात चपळ असतो. पण पेटीचा आवाज लहान-मोठा होतो तो भात्यातल्या हवेने. पट्टी हळू दाबली काय आणि जोरात दाबली काय, स्वरात फारसा फरक पडत नाही. पियानोत पट्टी किती वेगाने खाली जाते यावरच हातोडी तारेवर किती जोराने आदळते हे ठरते. त्यामुळे पेटीवर अनेक वर्षे न जाणवलेली अनामिकेची असमानता पियानोवर पहिल्याच मिनिटाला ऐकू येते. शिवाय डावा हात भाता सांभाळण्यात गेलेला असतो, त्याची बोटे पट्ट्यांना नवखीच असतात. या शिकणाऱ्यांनी निराश होऊ नये, आणि पेटीवरच्या चपळाईवर विसंबूनही राहू नये.

पहिला आठवडा फक्त हाताच्या ठेवणीसाठी द्या. पोलिश संगीतकार शोपेन आपल्या शिष्यांचा हात पांढरी तीन, काळी तीन, काळी चार, काळी पाच आणि पांढरी सात (E, F शार्प, G शार्प, A शार्प, B) या पाच पट्ट्यांवर ठेवायला लावत असे. लांब बोटे काळ्या पट्ट्यांवर आणि आखूड बोटे पांढऱ्यांवर आल्याने पंजा आपोआप नैसर्गिक कमानीत बसतो. सगळ्या बोटांची ताकद सारखी करण्याचा हट्ट धरू नये, प्रत्येक बोटाची घडण वेगळी असते आणि तिचा उपयोग करून घ्यावा, असे त्याचे मत होते. मला ते पूर्णपणे पटते. या पाच स्वरांवर हळू जा, हळू या, एवढेच पुरे.

आता खरी अवघड पायरी. अनामिका आणि करंगळी एकामागून एक वाजवताना हात बाहेरच्या बाजूला कोसळतो. करंगळी उभी न राहता आडवी पडते, मनगट करंगळीच्या दिशेने वाकते आणि स्वर बोटाने न वाजता पंजाच्या कडेने वाजतो. मला स्वतःला या एका जागेने फार काळ अडवून ठेवले आणि मिळणारे सल्ले सगळे एकाच साच्याचे होते: बोट उंच उचला, जोरात मारा, आणखी वेळा वाजवा. अनामिकेच्या बाबतीत यांपैकी एकही सल्ला उपयोगाचा नाही. जे बोट रचनेनेच उंच उचलले जाऊ शकत नाही, ते बळाने उचलायला गेले की शेजारच्या दोन्ही बोटांचे स्नायू आखडतात, ताण कोपरापर्यंत चढतो आणि वादक त्यालाच व्यायाम समजतो.

त्याऐवजी आधी कोपर शरीरापासून किंचित दूर न्या आणि हाताची रेषा अनामिकेच्या मागे येईल असे पाहा. कोपर, मनगटाची बाहेरची बाजू आणि बोट एका सरळ रेषेत आले की बोटामागे हाताचे वजन येते आणि त्याला स्वतंत्र जोर लावावा लागत नाही. करंगळी वाजवताना हात आणखी थोडा तिच्या मागे सरकतो, अनामिकेवर येताना परत येतो. करंगळीच्या मुळाचा सांधा खाली बसू देऊ नका. तो उंच राहिला तरच ती टोकावर उभी राहते.

अनामिका पट्टीवरून वर उचलू नका. ती पट्टीला टेकलेलीच राहू द्या, तिथूनच खाली जाऊ द्या आणि स्वर संपला की पट्टीच तिला वर आणेल. बोट आणि पट्टी यांच्यात हवा शिरली तर हातोडीचा वेग हातात राहत नाही, हे मी प्रत्येक शिकणाऱ्याला पुन्हा पुन्हा सांगतो.

मग येते कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताचे वळण. पाचव्या बोटावरून चौथ्यावर येताना हात कुलपात किल्ली फिरवावी तसा अगदी थोडा अंगठ्याच्या बाजूला वळतो, आणि पुन्हा पाचव्यावर जाताना बाहेर वळतो. सुरुवातीला हे वळण मुद्दाम मोठे करा, म्हणजे हाताला ते समजेल. पुढे ते इतके लहान करत न्या की पाहणाऱ्याला दिसू नये. हे वळण साधले की दोन बोटांचे काम कोपरापासूनचा हात वाटून घेतो आणि अनामिकेच्या बांधलेल्या कंडरेवर भार पडत नाही.

‘फ्यूर एलिझ’च्या या जागेत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. चौथे बोट काळी दोनवर पोहोचावे म्हणून हात आत सरकतो आणि करंगळी पांढऱ्या पट्टीवर खूप आत, काळ्या पट्ट्यांच्या मधल्या फटीत जाऊन पडते. तिथे पट्टी जड लागते, कारण पट्टी ज्या टेकूवर डोलते त्याच्यापासूनचे अंतर कमी झालेले असते. सर्वांत दुबळ्या बोटाला सर्वांत जड जागा दिल्यावर स्वर असमान येणारच. काळी पट्टी तिच्या पुढच्या टोकाजवळ वाजवा, म्हणजे करंगळी बाहेर राहील. एवढ्या एका बदलाने कित्येकांची तक्रार मिटलेली मी पाहिली आहे.

हे सगळे बरोबर चालले आहे की नाही, ते अंगठ्याकडे पाहून कळते. चौथे-पाचवे बोट वाजत असताना अंगठा ताठ होऊन वर उठला असेल किंवा तळव्याखाली ओढला गेला असेल, तर ताण तिकडे पळाला आहे असे समजा. थांबा, हात मांडीवर टाका, सैल करा आणि पुन्हा सुरू करा. दुसरी परीक्षा कानाची: डोळे मिटून पांढरी तीन आणि काळी दोन इतक्या संथपणे वाजवा की प्रत्येक स्वर पूर्ण ऐकू येईल. कोणता स्वर मोठा आला हे तुम्हाला सांगता आले पाहिजे. जे कानाला कळत नाही ते बोटाला दुरुस्त करता येत नाही. डिजिटल वाद्यावर आवाजाचे बटण वाढवून किंवा ‘लाइट टच’ (हलक्या दाबानेही मोठा आवाज देणारी सोय) लावून स्वतःचे समाधान करून घेऊ नका.

एका वेळी पाच मिनिटे पुरेत. दिवसातून तीन-चार वेळा बसता आले तर उत्तम. हाताला हलका थकवा येणे वेगळे आणि दुखणे वेगळे. मनगटाच्या बाहेरच्या बाजूला किंवा कोपराजवळ कळ आली, बोटांना मुंग्या आल्या, तर त्या दिवशी वाद्य बंद. दुखणे टिकून राहिले तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. दुखऱ्या हाताने वाजवण्यात कसलाही पुरुषार्थ नाही.

वेग वाढवणे त्यामानाने सोपे आहे. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारे यंत्र) एका वेळी चार अंकांनी पुढे न्या. मधूनमधून लांब-आखूड आणि आखूड-लांब अशा लयीत तोच तुकडा वाजवा. समानता बिघडली की आठ अंक मागे या.

डाव्या हातासाठी वेगळा व्यायामग्रंथ लागत नाही. जर्मन संगीतकार बाखच्या १७२३ च्या हस्तलिखितातली पहिली ‘इन्व्हेन्शन’ (दोन हातांच्या दोन स्वतंत्र ओळींची छोटी रचना) घ्या. उजव्या हाताने म्हटलेले वाक्य तिथे लगेच डाव्या हाताला म्हणावे लागते आणि ते करंगळीपासून सुरू केले तर ५-४-३-२-४-३-५ असा क्रम येतो. पेटीवरून आलेल्यांनी तर महिनाभर डाव्या हाताची ओळ एकटीच वाजवावी. हॅनॉनच्या प्रसिद्ध व्यायामग्रंथातले साठ व्यायाम रोज पहिल्यापासून शेवटपर्यंत कान बंद ठेवून वाजवण्यापेक्षा बाखची चार मापे (बार) लक्ष देऊन वाजवणे मी केव्हाही पसंत करेन.

जिथे गरज नाही तिथे मात्र दुबळ्या बोटांना पुढे करू नका. ट्रिल (शेजारच्या दोन स्वरांची जलद आलटापालट) २-३ किंवा १-३ ने चांगली येत असेल, तर ती ४-५ ने वाजवण्यात मोठेपणा नाही. छापलेले बोटांचे आकडे बहुधा संपादकाने घातलेले असतात आणि ते आपल्या हाताप्रमाणे बदलण्याचा अधिकार वादकाला असतो.

हवामानाकडे लक्ष ठेवा. धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान एक आकडी होते. अशा वेळी गार हाताने ४-५ चा रियाज करणे म्हणजे दुखापतीला आमंत्रण आहे. आधी पंजे कोमट पाण्यात धरा, पुसा, मग बसा. वैशाखात घामाने पट्ट्या निसरड्या होतात, तेव्हा सकाळची वेळ ठेवा आणि फडके जवळ असू द्या.

‘फ्यूर एलिझ’ची पहिली ओळ हळू आवाजात समान येऊ लागली आणि बाखमध्ये डावा हात अडखळेनासा झाला, की शोपेनच्या १८३३ मध्ये छापलेल्या दहाव्या ओपसमधल्या (क्रमांक दिलेल्या संग्रहातल्या) दुसऱ्या एट्यूडकडे, म्हणजे तंत्राच्या सरावासाठीच्या रचनेकडे, पाहायला हरकत नाही. तिच्यात उजव्या हाताची ३, ४, ५ ही बोटे अखंड क्रोमॅटिक स्केल (काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या ओळीने) वाजवतात आणि अंगठा-तर्जनी खाली आखूड स्वरसमूह देतात. शोपेनने जवळपास प्रत्येक स्वरावर बोटांचे आकडे स्वतः लिहून ठेवले आहेत, आणि इथे मात्र ते बदलू नयेत. तिसरे बोट चौथ्या-पाचव्याच्या वरून ओलांडते. रचनेवर छापलेला १४४ चा वेग वर्षभर विसरा, ६० वर सुरुवात करा. आधी खालचे स्वर गाळून फक्त स्केल वाजवा, मग एकेक स्वरसमूह मिळवत जा आणि तो पट्टीवर रेंगाळू न देता लगेच सोडा. स्केल अडखळू लागली की बहुतेक वेळा अंगठ्याने पट्टी धरून ठेवलेली आढळते. तेव्हा अनामिकेला आणखी राबवण्याआधी अंगठा सैल करा.