नाण्यांविषयीच्या नियतकालिकाची वर्गणी भरताना या चुका टाळा

कोकणात नाण्यांच्या संग्रहाची सुरुवात बहुधा घरातल्याच एखाद्या डब्यातून होते. रत्नागिरीकडे आजीच्या फडताळात काळवंडलेली शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचे तांब्याचे नाणे, सापडते, तर सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या बाजूस गोव्यात चाललेला १८८१ सालचा पोर्तुगीज रुपया निघतो. मग या नाण्यांविषयी वाचावेसे वाटते, वर्गणी भरायचे ठरते आणि पहिली चूक तिथेच होते. आपल्याकडे काय आहे हे न पाहता, केवळ नाव मोठे आणि छपाई चकचकीत म्हणून नियतकालिक निवडले जाते. अमेरिकेत १९६० पासून निघणारे ‘कॉइन वर्ल्ड’ अमेरिकी नाण्यांच्या संग्राहकाला उपयोगाचे आहे, परंतु ज्याच्या डब्यात दुदांडी प्रकारच्या शिवराया आहेत त्याला त्यातील किंमतींचे तक्ते वाचून काहीही हाती लागणार नाही.

वर्गणी भरण्यापूर्वी एक जुना अंक विकत घ्यावा, आणि तो नुसता चाळू नये. त्यातील तांब्याच्या नाण्यावरचा एखादा लेख उघडून शेजारी आपले नाणे आणि भिंग घेऊन बसावे. शिवराईच्या एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्र पति’ असते. मात्र ‘शिव’ हा शब्द कुठे ‘सिव’ तर कुठे ‘शीव’ असा येतो, ‘पति’ची वेलांटीही ऱ्हस्व-दीर्घ बदलते, आणि नाण्याचा आकार ठशापेक्षा लहान राहिल्यामुळे एखादे अक्षर कडेला अर्धेच उमटलेले असते. छायाचित्रात ही वेलांटी व कडेचे बिंदू स्पष्ट दिसत नसतील, किंवा लेखात वजन ग्रॅममध्ये आणि व्यास मिलिमीटरमध्ये दिलेला नसेल, तर त्या लेखावरून आपले नाणे ओळखता येणार नाही. माझ्या मते निवडीची याहून चांगली कसोटी नाही.

विक्रेत्याची यादी आणि नियतकालिक यांतही अनेकांची गल्लत होते. ज्या अंकातील बहुतेक पाने ‘दुर्मीळ’ म्हणून विक्रीस ठेवलेल्या नाण्यांनी भरलेली असतात, त्यातील किंमत ही विकणाऱ्याची अपेक्षा असते. लिलावाच्या सूचीतील अंदाजित किंमतही तशीच असते आणि प्रत्यक्ष बोली वेगळ्याच आकड्यावर थांबू शकते. अशा पानांवर विसंबून आजीची शिवराई विकू नये, आणि दुसऱ्याची विकतही घेऊ नये.

अभ्यासाची ओढ असेल तर संस्थांच्या नियतकालिकांकडे वळावे. १९१० साली स्थापन झालेल्या ‘न्यूमिस्मॅटिक सोसायटी ऑफ इंडिया’चे ‘जर्नल’ आहे, नाशिकजवळच्या अंजनेरी येथील संशोधन संस्थेचे ‘न्यूमिस्मॅटिक डायजेस्ट’ आहे, आणि ‘ओरिएंटल न्यूमिस्मॅटिक सोसायटी’च्या ‘जर्नल’मध्ये भारतीय नाण्यांवर बारकाईचे लेख येतात. यांतील काही अंक सभासदत्वाबरोबर मिळतात, त्यामुळे नुसती वर्गणी विचारण्याऐवजी सभासदत्वाची चौकशी करावी. हे लेख इंग्रजीत आणि कठीण असतात. नवशिक्याने पहिल्याच वर्षी ते घेतले तर अंक न वाचताच साठत जातात, म्हणून आधी सोप्या नियतकालिकाचे एक वर्ष काढावे असे मी आवर्जून सांगेन.

सवलतीच्या मोहाने मी एकदा तीन वर्षांची वर्गणी एकरकमी भरली होती. चार अंक आले, पुढे काहीच आले नाही आणि पत्रांना उत्तरही मिळाले नाही. पावतीवर फक्त वर्ष लिहिलेले होते, अंकांचे क्रमांक नव्हते, त्यामुळे नेमके काय मिळायचे राहिले हे मला दाखवताच येईना. तेव्हा प्रथम एकाच वर्षाची वर्गणी भरावी आणि ‘अमुक क्रमांकाच्या अंकापासून अमुक अंकापर्यंत’ असे लेखी घ्यावे. अभ्यासविषयक अंक मागच्या वर्षाचे साल छापून उशिराही येतात, म्हणून तक्रार करण्यापूर्वी शेवटचा प्रसिद्ध झालेला अंक कोणता हे विचारून घ्यावे. केवळ संगणकावर वाचायची आवृत्ती घेणार असाल, तर वर्गणी संपल्यावर जुने अंक उघडतील का, हेही आधीच विचारावे.

आपल्याकडे पावसाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. पत्त्यात वाडी, पोस्ट आणि पिनकोड पूर्ण लिहावा आणि जून ते सप्टेंबरचे अंक प्लास्टिकच्या वेष्टनात पाठवण्याची विनंती करावी. पडवीत टाकलेला अंक पागोळ्यांनी भिजलाच, तर तो तसाच वाळू देऊ नये. गुळगुळीत कागदाची पाने वाळताना एकमेकांना चिकटतात आणि मग सोडवताना छायाचित्रांसकट फाटतात. पाने ओली असतानाच हलक्या हाताने सुटी करून मध्ये साधे कोरे कागद घालावेत, अंक पंख्याखाली ठेवावा आणि कागद ओले झाले की बदलावेत. जुने अंक आणि नाणी मात्र एकाच पेटीत ठेवू नयेत, कारण दमट हवेत हलक्या प्रतीचा कागद आणि पुठ्ठा यांच्या सहवासात चांदी काळी पडते.