सिगारेट सोडा, पण ती पाच मिनिटे सोडू नका

ताण आला की सिगारेट पेटवायची आणि दोन झुरके घेतले की बरे वाटते, हा अनुभव खोटा नाही. म्हणूनच "सिगारेटने ताण कमी होत नाही" असे कोणी सांगितले, तर ओढणाऱ्याला ते पटत नाही. प्रश्न एवढाच आहे की हे बरे वाटणे नेमके कशातून येते. त्याचे उत्तर नीट समजले, तर सिगारेट सोडताना काय टाकून द्यायचे आणि काय मुळीच टाकून द्यायचे नाही, हे ठरवणे पुष्कळ सोपे जाते.

झुरका घेतल्यावर निकोटीन साधारण 10 ते 20 सेकंदांत मेंदूत पोहोचते, तेथे डोपामिन हे सुखाशी निगडित रसायन स्रवू लागते आणि मन सुखावते. मात्र रक्तातील निकोटीन सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते, आणि नियमित ओढणाऱ्याच्या मेंदूला त्याची सवय झालेली असल्यामुळे प्रमाण उतरू लागताच चिडचिड सुरू होते, कामात लक्ष लागत नाही, एका जागी बसवत नाही. ही लक्षणे कामाच्या ताणासारखीच असतात, त्यामुळे माणूस त्यांचा दोष कामाला, घराला किंवा परिस्थितीला देतो आणि पुढची सिगारेट पेटवतो. ती सिगारेट जो ताण हलका करते, त्यातला मोठा वाटा आधीच्या सिगारेटनेच मागे ठेवलेला असतो. शरीराच्या बाजूने पाहिले तर निकोटीन हे उत्तेजक आहे; त्याने अ‍ॅड्रेनॅलिन वाढते, नाडी जलद होते आणि रक्तदाब चढतो. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 2014 साली 26 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात धूम्रपान सोडलेल्यांमध्ये चिंता, नैराश्य आणि ताण हे तिन्ही, धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत, कमी झालेले आढळले. मानसिक आजार असलेल्यांच्या बाबतीतही हा फरक तेवढाच होता.

तरीही बरे वाटण्याचा एक भाग उरतोच, आणि तो निकोटीनचा नाही. सिगारेट ओढायला निघालेल्या माणसाकडे नीट पाहिले तर तो समोरचे काम थांबवतो, खुर्चीतून उठतो, चार पावले चालून मोकळ्या हवेत येतो, थोडा वेळ एकटा किंवा मोजक्या सोबत्यांबरोबर उभा राहतो, लांब श्वास आत ओढतो आणि त्याहून सावकाश बाहेर सोडतो. या पाच मिनिटांत त्याच्याकडून कोणी काही मागत नाही. माझ्या मते धूम्रपान सोडण्याचे अनेक प्रयत्न येथेच फसतात, कारण सिगारेटबरोबर माणूस ही विश्रांतीही सोडून देतो. दिवसभर जागेवर बसून दात-ओठ खात तलफ दाबत राहतो आणि शेवटी सिगारेटवाचून आपले चालत नाही असा निष्कर्ष काढतो.

म्हणून सोडण्याची तारीख ठरवण्याआधी काही दिवस आपल्या सिगारेटींची नोंद ठेवावी. प्रत्येक वेळी पेटवण्यापूर्वी वेळ, जागा, सोबत कोण आहे आणि त्याच्या लगेच आधी काय घडले, एवढे चार शब्दांत लिहावे. त्यापुढे आणखी एक गोष्ट लिहावी: या क्षणी मला खरोखर काय हवे आहे? उत्तरे वेगवेगळी निघतात. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत लागणारी सिगारेट बहुधा निकोटीनची मागणी असते आणि तिच्यासाठी औषधाची मदत घेणे शहाणपणाचे ठरते. अवघड फोन झाल्यावरची सिगारेट धडधड शांत व्हावी म्हणून असते, एक काम संपून दुसरे सुरू होण्यापूर्वीची सिगारेट निव्वळ मध्यंतर असते, तर काही सिगारेटी गप्पांसाठी असतात. ज्या सिगारेटीमागे जी गरज असेल, तिला तेच द्यायचे आहे. सगळ्यांवर एकच उपाय चालत नाही.

मध्यंतर हवे असेल तर ते घ्यावे, आणि लपूनछपून नव्हे तर ठरवून घ्यावे. पूर्वी ज्या वेळी बाहेर पडत होता त्याच वेळी बाहेर पडा, फक्त उभे राहण्याची जागा बदला, कारण जुन्या जागेवर पाऊल ठेवताच हात खिशाकडे जातो. सोबत्यांना मोकळेपणाने सांगावे की गप्पांना मी येईन, पण मला सिगारेट देऊ नका. या वेळात मोबाइल बाहेर काढू नये, असे मी आग्रहाने सांगेन. त्या पडद्यावर पुन्हा कोणाचे तरी निरोप, बातम्या आणि मागण्याच असतात, आणि ज्या मनाला क्षणभर मोकळे व्हायचे होते ते पुन्हा जुंपले जाते.

आता श्वासाविषयी. बाहेर सोडताना श्वास लांबवला की हृदयाची गती किंचित मंदावते, आणि झुरक्यातून मिळणाऱ्या शांततेत या लांब श्वासाचाही हातभार असतो. तो धुरावाचूनही घेता येतो. पाठ टेकून बसावे किंवा सैल उभे राहावे, नाकाने चार आकडे मोजत श्वास आत घ्यावा आणि सहा आकडे मोजत सावकाश सोडावा; एक आकडा साधारण एका सेकंदाचा धरला तर मिनिटाला सहा श्वास होतात. छाती ताठ करून जोर लावू नये, आणि चक्कर आल्यासारखे वाटले तर मोजणे थांबवून नेहमीसारखा श्वास घ्यावा. हे चार-पाच मिनिटे केले तरी पुरते. मात्र तलफ ऐन भरात असताना हा प्रयोग पहिल्यांदा करू नये, कारण तेव्हा मोजणेही सुचत नाही. मन शांत असताना रोज थोडा सराव केलेला असला, तरच अडचणीच्या वेळी तो कामी येतो.

ज्यांचा ताण अंगात साठतो, म्हणजे खांदे चढतात, जबडा आवळला जातो, मान धरते, त्यांना श्वासापेक्षा स्नायू सैल करण्याची पद्धत अधिक उपयोगी पडेल. एडमंड जेकबसन या अमेरिकन वैद्याने ती 1920 च्या दशकात विकसित केली. तिच्या आज रूढ असलेल्या सुटसुटीत रूपात डोळे मिटून दोन्ही मुठी पाच ते सात सेकंद घट्ट आवळायच्या, मग एकदम सोडून द्यायच्या आणि वीस-तीस सेकंद त्या सैल झालेल्या बोटांकडे, तळव्यांकडे फक्त लक्ष द्यायचे. त्यानंतर दंड, मग खांदे कानांपर्यंत उचलून सोडणे, मग कपाळ, डोळे, जबडा, पोट, मांड्या आणि पावले, असे क्रमाने जायचे. दुखऱ्या भागावर जोर देऊ नये. आवळणे आणि सोडणे यांतला फरक जाणवू लागणे, हेच येथे शिकायचे असते. काही आठवड्यांच्या सरावानंतर खांदे वर चढले आहेत हे मध्येच लक्षात येते आणि मुद्दाम आवळल्याशिवायही ते खाली सोडता येतात. संपूर्ण क्रमाला पंधरा-वीस मिनिटे लागतात, म्हणून तो झोपण्यापूर्वी करणे सोयीचे.

चालण्याबद्दल थोडक्यात: दहा-पंधरा मिनिटे भरभर चालल्याने तलफ त्या वेळेपुरती उतरते, हे अनेक प्रयोगांत दिसून आले आहे.

प्रत्यक्ष सोडताना एक दिवस निश्चित करावा आणि त्या दिवशी पूर्णपणे थांबावे. हळूहळू कमी करणे सौम्य वाटते, पण इंग्लंडमध्ये सुमारे 700 जणांवर झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत चार आठवड्यांनंतर एकदम थांबलेल्यांपैकी 49 टक्के टिकून होते, तर टप्प्याटप्प्याने थांबलेल्यांपैकी 39 टक्के. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात आणि त्यानंतर तीन-चार आठवड्यांत त्रास ओसरत जातो. या काळातली चिडचिड हा आपला स्वभाव नव्हे, हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवावे. एकेक तलफ सहसा काही मिनिटांचीच असते, तेवढा वेळ श्वास मोजण्यात किंवा चालण्यात घालवता आला की ती ओसरते.

या काळात चहा-कॉफीचे प्रमाण निम्म्यावर आणावे. तंबाखूच्या धुरामुळे यकृतातील एक एन्झाइम अधिक वेगाने काम करते आणि कॅफीन लवकर निचरून जाते. धूर थांबला की हा वेग उतरतो, आणि तेवढ्याच कपांतून रक्तात कितीतरी जास्त कॅफीन साठते. मग हात थरथरतात, झोप उडते, छाती धडधडते आणि माणूस समजतो की सिगारेट सोडल्याने आपला ताण वाढला. हेच एन्झाइम काही औषधांचाही निचरा करते, त्यामुळे क्लोझापिन, ओलान्झापिन (मानसिक आजारांवरील औषधे) किंवा थिओफायलिन (दम्यावरील औषध) घेणाऱ्यांनी सोडण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगावे, म्हणजे मात्रा वेळेवर बदलता येईल.

निकोटीनची चघळण्याची गोळी (गम) किंवा त्वचेवर चिकटवायची पट्टी वापरण्यात कमीपणा मानू नये. पट्टी दिवसभर संथपणे निकोटीन पुरवते आणि अचानक उसळणाऱ्या तलफेसाठी चघळण्याची गोळी जोडीला घेता येते. एकट्या उपायापेक्षा ही जोडी अधिक परिणामकारक असते. मात्र गोळी नेहमीच्या च्युइंगगमसारखी सतत चघळू नये. चव तिखटसर लागेपर्यंत किंवा हिरडीला झिणझिण्या येईपर्यंत सावकाश चावावी, मग गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यावी, चव उतरली की पुन्हा चावावी, असे अर्धा तास करावे. गोळीपूर्वी पंधरा मिनिटे आणि गोळी तोंडात असताना कॉफी किंवा आंबट पेय घेऊ नये, अन्यथा निकोटीन तोंडातून नीट शोषले जात नाही. व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन ही धूम्रपान सोडायला मदत करणारी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

"फार ताण आला तरच एखादी ओढेन" अशी सवलत स्वतःला देऊ नये. दिवसाला एका सिगारेटनेही हृदयविकाराचा जो अतिरिक्त धोका निर्माण होतो, तो वीस सिगारेटींच्या धोक्याच्या जवळपास निम्मा असतो. तरीही कधी एखादी ओढली गेली, तर सगळे मुसळ केरात गेले असे समजून पाकीट विकत आणू नये. ती सिगारेट नोंदवहीत लिहावी, तिच्या आधी काय घडले ते पाहावे आणि पुढच्या वेळी त्या प्रसंगासाठी काय करायचे ते आजच ठरवावे. उदासी, झोप न लागणे किंवा घालमेल चार आठवड्यांनंतरही कायम राहिली, तर तिचे कारण केवळ निकोटीनमध्ये शोधत न बसता डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटावे. आणि जगणे नकोसे वाटू लागले, तर तितके दिवसही न थांबता त्याच दिवशी मदत मागावी.