गुळाच्या काळ्या जिंजर बिअरला फ्लेवर कधी आणि किती द्यायचा

यूट्यूबवर बघावं तो जण आलं, गूळ, लवंग, दालचिनी, जायफळ सगळं एकदम पातेल्यात ढकलतो, उकळतो आणि 'अप्रतिम चव' म्हणून मोकळा होतो. असं करू नका. वास आधी उकळताना उडतो, उरलासुरला नंतर फसफसताना गॅसबरोबर निघून जातो आणि मागे राहतो नुसता कडवटपणा. वर लवंग-दालचिनी जास्त झाली की यीस्टलाच मार बसतो, आणि मग हीच मंडळी विचारतात आमचं फसफसत का नाही. आलं सोडून बाकी सगळे फ्लेवर शेवटी घालायचे, बाटल्या भरायच्या जरा आधी.

जिंजर बग, म्हणजे आलं, साखर आणि पाणी आंबवून केलेलं विरजण, तयार आहे असं धरते. दोन लिटर पाण्याला २५० ग्रॅम गूळ, ५० ग्रॅम किसलेलं आलं, १० मिनिटं उकळा, फडक्यातून गाळा. गूळ मंगळवार पेठेतून आणा नाहीतर कोपऱ्यावरून, पण काळपट आणा, पिवळाधमक नको, रंग अजून गडद पाहिजे तर दोन चमचे काकवी. पूर्ण गार झालं की एका लिंबाचा रस आणि १२० मिली बग, वर फडकं बांधून ठेवा. सोलापूरच्या मे महिन्यात एका दिवसात उकळी आल्यासारखं दिसतं, थंडीत दोन-तीन दिवस.

आता फ्लेवर. घोडं पेंड खातं ते इथेच. मलाही हे प्रमाण बरेच दिवस सापडत नव्हतं, कारण 'चार लवंगा, एक इंच दालचिनी' असल्या मापावर मी विश्वास ठेवायचे. वर्षभर डब्यात पडलेली लवंग आणि ताजी लवंग यांचा जोर सारखा असेल का? नसतो. म्हणून मसाला मोजायचाच नाही, त्याचा काढा करून तो मोजायचा. २०० मिली पाण्यात एकाच मसाल्याचे थोडे अख्खे तुकडे, झाकण ठेवून मंद आचेवर १० मिनिटं, गार करून गाळा. प्रत्येक मसाल्याचा काढा वेगळा, मिसळामिसळ नंतर.

मग मेडिकलमधून ५ मिलीची सिरींज आणा, सुईशिवाय. तयार पेय पाच ग्लासात १००-१०० मिली ओता, पहिल्यात काहीच घालू नका, बाकीच्यांत अर्धा, एक, दोन, तीन मिली काढा. ग्लास फ्रिजमध्ये गार करा आणि मगच चाखा, कारण कोमट असताना गोडी आणि वास दोन्ही जास्त वाटतात आणि कोमट चवीवर ठरवलेलं प्रमाण थंड झाल्यावर फिकं पडतं. कमी काढ्याच्या ग्लासापासून सुरुवात करायची, मध्ये मध्ये पाणी आणि कोरड्या भाकरीचा तुकडा. लवंगेने जीभ बधिर होते, त्यामुळे तीन मिलीचा ग्लास आधी तोंडाला लावलात तर पुढचं सगळं मत वाया गेलं समजा. जो ग्लास आवडला त्याचे मिली गुणिले दहा, म्हणजे एका लिटरचं प्रमाण. एक मिली आवडला तर लिटरला १० मिली. झालं. एवढं सोपं असताना लोक अंदाजपंचे का घालतात कळत नाही.

अख्खी लवंग किंवा दालचिनीची काडी बाटलीत सोडायची नाही, फोटोत कितीही छान दिसली तरी. ती आत मुरत राहते, आज बरोबर लागलेली चव चार दिवसांनी औषधासारखी होते, आणि अशा तुकड्यांवर गॅसचे बुडबुडे पटापट धरतात म्हणून झाकण उघडलं की निम्मी बाटली ओट्यावर. कॉफी घालायची तर तिच्यावर गरम पाणी ओतू नका, जाडसर पूड रात्रभर थंड पाण्यात फ्रिजमध्ये भिजवून गाळा आणि तीच सिरींजची पद्धत, फक्त चिकोरी नसलेली पूड बघा. बाजारातल्या इसेन्सबद्दल मला बोलायचंच नाही.

फळांचा हिशोब वेगळा. आपल्याकडे डाळिंबं चांगली मिळतात म्हणून सगळे रस ओततात, पण १०० मिली डाळिंबाच्या रसात साधारण १२-१३ ग्रॅम साखर असते, आणि एका लिटर पेयात ४ ग्रॅम साखर आंबली की जवळजवळ एक लिटर गॅस तयार होतो. म्हणजे लिटरला १०० मिली रस म्हणजे तीन लिटर गॅस जादा, आणि गुळाची साखर अजून संपलेली नसतेच. त्यामुळे रस लिटरला ३० मिलीच्या वर नको. जास्त पाहिजे तर पिताना ग्लासात घाला, तिथे कोण अडवतंय?

बाटली फक्त कोल्ड्रिंकची प्लास्टिकची, चार बोटं जागा ठेवून भरा. काचेची नको म्हणजे नको, जॅमची, दारूची, कुठलीच नाही, फुटली तर काचा डोळ्यात जातात. प्लास्टिकची बाटली दाबून बघता येते, दगडासारखी घट्ट लागली की लगेच फ्रिजमध्ये. मे महिन्यात दर पाच-सहा तासांनी दाबून बघा, रात्रभर बाहेर ठेवून झोपू नका. फ्रिजने आंबणं मंदावतं, थांबत नाही, त्यामुळे दुपारभर लाईट गेली असेल तर आल्यावर आधी बाटल्या तपासा आणि गरज वाटली तर झाकण जरा सैल करून गॅस सोडा.

थोडा अल्कोहोल यात तयार होतोच आणि बाहेर जितकी जास्त राहील तितका वाढतो, म्हणून लहान पोरांना आणि गरोदर बायकांना द्यायची नाही. बाकीच्यांनी आठवड्याभरात संपवायची, उघडताना बेसिनवर धरून, झाकण हळूहळू फिरवत.