टेस्टोस्टेरॉन वाढवणाऱ्या वनौषधी : बाटली विकत घेण्यापूर्वी पारख कशी करावी

रविवार पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानांत अश्वगंधा, गोखरू, कवचबीज आणि सफेद मुसळी पिढ्यान्‌पिढ्या वजनावर मिळत आल्या आहेत. अलीकडे मात्र याच वनस्पतींचे अर्क आकर्षक बाटल्यांत भरून व्यायामशाळांतून आणि मोबाइलच्या पडद्यावरून ‘टेस्टोस्टेरॉन बूस्टर’ या नावाने विकले जातात. कोथरूडमधल्या माझ्या औषधांच्या दुकानात अशी बाटली हातात घेऊन ‘काका, याने खरंच वाढतं का?’ असे विचारणारा तरुण आठवड्यातून एकदा तरी येतोच. गिऱ्हाइकांची रांग असताना त्याला दोन वाक्यांत उत्तर देणे मला कधीच जमले नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

थोडक्यात सांगायचे, तर दोन-तीन वनस्पतींनी काही पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचा (हार्मोनचा) रक्तातला आकडा थोडाफार वाढल्याचे लहान चाचण्यांत दिसले आहे. बाकीच्यांबाबत भरवशाचा पुरावा नाही किंवा उलट पुरावा आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, की विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आपले टेस्टोस्टेरॉन मुळात मोजलेलेच नसते.

आधी मोजणी

टेस्टोस्टेरॉन प्रामुख्याने वृषणांत तयार होते आणि ते किती तयार व्हावे हे मेंदूतून ठरते. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी ‘एलएच’ नावाचे संप्रेरक सोडते आणि त्याच्या हुकमाने वृषणांतल्या पेशी काम करतात. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत जसा तरंगता बॉल असतो आणि पातळी वर आली की तो नळ बंद करतो, तशीच ही रचना आहे : रक्तातले टेस्टोस्टेरॉन पुरेसे झाले की मेंदू एलएच कमी करतो. निरोगी पुरुषाला वनौषधी देऊन ही पातळी मनाजोगती चढवत नेता येत नाही, त्याचे कारण हेच.

टेस्टोस्टेरॉन कमी असल्याचा संशय कोणत्या लक्षणांवरून घ्यावा? २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, ४० ते ७९ वयोगटातल्या तीन हजारांहून अधिक युरोपीय पुरुषांच्या अभ्यासात तीन लक्षणांचा संबंध सर्वांत स्पष्ट आढळला : कामेच्छा कमी होणे, सकाळी आपोआप येणारी ताठरता कमी होणे आणि संबंधाच्या वेळी ताठरता न येणे. ही तिन्ही लक्षणे आणि रक्तातली कमी पातळी असे दोन्ही असणारे पुरुष त्या अभ्यासात केवळ २.१ टक्के होते. नुसता थकवा, चिडचिड, व्यायामात मन न लागणे ही लक्षणे कितीतरी अन्य कारणांनी येतात. थायरॉइडचा विकार, हिमोग्लोबिन किंवा बी-१२ची कमतरता, वाढलेली साखर, घोरण्याबरोबर झोपेत श्वास अडकणे आणि नैराश्य ही त्यांतली नेहमी आढळणारी कारणे आहेत, आणि त्यांपैकी एकावरही या बाटलीचा उपयोग नाही.

तपासणी सकाळी ७ ते १० या वेळात, उपाशीपोटी करावी, कारण टेस्टोस्टेरॉन पहाटे आणि सकाळी सर्वाधिक असते व दिवस चढतो तसे उतरत जाते. संध्याकाळी ऑफिसातून परतताना दिलेल्या रक्तावरून ‘माझे कमी आहे’ असा निष्कर्ष काढणारे अनेकजण मी पाहिले आहेत. ताप किंवा मोठे आजारपण असताना तपासणी करू नये. पहिला आकडा कमी आला, तर दुसऱ्या एखाद्या दिवशी सकाळी पुन्हा तपासल्याशिवाय निदान करत नाहीत. हिंजवडी किंवा खराडीत रात्रपाळी करणाऱ्यांनी ही गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगावी, कारण त्यांच्या शरीराची सकाळ इतरांच्या सकाळीशी जुळत नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तेही सांगा. काही यंत्रांवर मोठ्या मात्रेतल्या बायोटिनमुळे टेस्टोस्टेरॉनचा आकडा खोटा वाढलेला दिसतो.

अहवालावर पातळी बहुधा डेसिलिटरमागे नॅनोग्रॅममध्ये लिहिलेली असते. अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली ३०० ही सीमा मानली, तर विशी-तिशीतल्या, स्थूल नसलेल्या निरोगी पुरुषांसाठी २६४ ते ९१६ अशी व्याप्ती मान्य झालेली आहे. व्याप्ती इतकी रुंद आहे, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. ४५० आकडा असलेला पुरुष ७०० आकडा असलेल्यापेक्षा कमी पुरुषी नसतो. वजन जास्त असलेल्यांमध्ये टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारे प्रथिन कमी होते आणि त्यामुळे एकूण आकडा कमी दिसतो. अशा वेळी डॉक्टर मुक्त, म्हणजे प्रथिनाला न चिकटलेल्या, टेस्टोस्टेरॉनचाही विचार करतात.

एकेका वनस्पतीचे नाव घेऊन

अश्वगंधेचा पुरावा सर्वांत जास्त आहे, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबू. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नव्याने वजनाचा व्यायाम सुरू केलेल्या ५७ पुरुषांपैकी निम्म्यांना मुळांचा अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि निम्म्यांना औषधहीन गोळी दिली गेली. आठ आठवड्यांनी अश्वगंधा घेणाऱ्यांचे टेस्टोस्टेरॉन सरासरी ९६ नॅनोग्रॅमने वाढले आणि दुसऱ्या गटाचे १८ने. २०१९ साली ४० ते ७० वयाच्या, वजन जास्त असलेल्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत अर्क घेताना पातळी औषधहीन गोळीच्या तुलनेत सुमारे १५ टक्के अधिक आढळली. म्हणजे परिणाम होतो असे मानायला जागा आहे. पण याच दुसऱ्या चाचणीत थकवा, उत्साह आणि लैंगिक स्वास्थ्य यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. आकडा वाढला, पण माणसाला बरे वाटण्यात फरक पडला नाही. जाहिरातीत यातले पहिले अर्धेच वाक्य छापलेले असते.

या १५ टक्क्यांचा अर्थ लावायचा असेल, तर त्याशेजारी आणखी एक अभ्यास ठेवून पाहावा. २०११ साली अमेरिकेत दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री फक्त पाच तास झोपू दिले, तेव्हा त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरले. बाटलीतून जेवढे मिळण्याची आशा असते, साधारण तेवढेच रात्री दीडपर्यंत मोबाइल पाहून आपण घालवत असतो. दोन्ही अभ्यास लहान आहेत आणि त्यांची तंतोतंत तुलना करता येत नाही, तरी दुकानात मी हे उदाहरण नेहमी देतो, कारण ते लोकांना पटकन पटते.

गोखरू, म्हणजे आपल्याकडे शेताच्या बांधावर पायात रुतणारे सराटे, जवळपास प्रत्येक ‘बूस्टर’मध्ये असतात. त्यांच्याबाबत निष्कर्ष बराच स्पष्ट आहे. २००५ साली तरुण पुरुषांवर आणि २००७ साली रग्बी खेळाडूंवर झालेल्या चाचण्यांत टेस्टोस्टेरॉन वाढले नाही. कामेच्छेवर काहींना गुण आल्याचे सांगितले जाते, पण तो वेगळा प्रश्न आहे आणि बाटलीवरचा दावा वेगळा आहे.

मेथीच्या अर्काचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत आणि बऱ्याच चाचण्यांना अर्क बनवणाऱ्यांनीच पैसे पुरवले आहेत. शुद्ध केलेल्या शिलाजिताने ४५ ते ५५ वयाच्या पुरुषांमध्ये ९० दिवसांत पातळी वाढल्याची २०१६ सालची एक लहान चाचणी आहे. मात्र कच्च्या शिलाजितात जड धातू असू शकतात, त्यामुळे फिरत्या विक्रेत्याकडून घेतलेला खडा पोटात घालणे धोक्याचे आहे. कवचबीज, म्हणजे खाजकुइलीच्या बिया, यांचा अभ्यास लखनौमध्ये मूल न होणाऱ्या पुरुषांवर झाला आणि त्यांच्यात शुक्राणू व टेस्टोस्टेरॉन दोन्ही सुधारले; निरोगी पुरुषाला तोच निष्कर्ष लावता येत नाही. सफेद मुसळीच्या शास्त्रीय नावात आपले बोरिवली आहे, याचा मला एक महाराष्ट्रीय म्हणून आनंद वाटतो, पण तिचा बहुतेक पुरावा उंदरांवरचा आहे.

आयुर्वेदाचा आदर करणाऱ्यांनी एक भेद ध्यानात घ्यावा. वाजीकरण हे अष्टांग आयुर्वेदातले एक अंग आहे आणि त्यातला विचार शुक्रधातू, अग्नी, प्रकृती व अपत्यप्राप्ती यांचा आहे. टेस्टोस्टेरॉन हे रसायन वेगळे करण्यात आले ते १९३५ साली. ग्रंथात ‘वृष्य’, म्हणजे शुक्रवर्धक, म्हटलेली प्रत्येक वनस्पती टेस्टोस्टेरॉन वाढवते असे म्हणणे ग्रंथालाही धरून नाही आणि प्रयोगशाळेलाही. वैद्य रुग्ण पाहून, पचन आणि प्रकृती विचारून औषध ठरवतात. तो मार्ग हवा असेल तर पुण्यात रास्ता पेठेत आयुर्वेद महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय आहे. तेथे जावे, बाटलीवरच्या श्लोकावर विसंबू नये.

लेबल वाचताना

प्रथम ते उत्पादन कोणत्या कायद्याखाली विकले जाते ते पाहा. आयुर्वेदिक औषध असेल तर तसा स्पष्ट उल्लेख आणि उत्पादन परवान्याचा क्रमांक असतो. अन्नपूरक म्हणून विकले जात असेल तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक असतो आणि ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशा अर्थाची सूचनाही असावी लागते. ज्या बाटलीवर ही सूचना आहे तीच बाटली रोग बरा करण्याचे आश्वासन देत असेल, तर तेवढ्यावरच ती परत ठेवावी. १९५४च्या औषधे व जादूटोण्याच्या उपायांविषयीच्या जाहिरात कायद्याने लैंगिक क्षमता वाढवण्याची जाहिरात करण्यास मनाई आहे; ‘जोम’, ‘स्टॅमिना’ आणि ‘टेस्टोस्टेरॉन’ या शब्दांचा इतका सुळसुळाट झाला, त्यामागे हेही एक कारण असावे असे मला वाटते.

नंतर घटक पाहा. प्रत्येक वनस्पतीची मात्रा मिलिग्रॅममध्ये स्वतंत्र लिहिली आहे का, की ‘विशेष मिश्रण’ म्हणून एकच बेरीज दिली आहे? अश्वगंधेचे मूळ वापरले आहे की पाने? चाचण्या मुळांच्या ठरावीक अर्कावर झाल्या असतील आणि बाटलीत साधे चूर्ण असेल, तर त्या चाचण्यांचा दाखला त्या बाटलीला लागू पडत नाही.

जी बाटली पहिल्या दिवशी, तासाभरात ‘गुण’ दाखवते, तिच्याविषयी सर्वाधिक सावध राहा. वनस्पतीच्या परिणामाला आठवडे लागतात. तासाभरात ताठरता आणणारी ‘हर्बल’ गोळी म्हणजे तिच्यात न सांगता सिल्डेनाफिल हे ताठरतेचे डॉक्टरी औषध घातलेले असण्याची शक्यता मोठी, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाला अशी भेसळ वारंवार सापडली आहे. छातीत दुखते म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्या माणसाने असे काही घेतले, तर रक्तदाब जीवघेणा कोसळू शकतो. जड धातूंचाही विचार करा : २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंटरनेटवरून घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे एकपंचमांश औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. शंका आली तर बिल आणि बाटली घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

तरीही घ्यायचेच ठरवले, तर

यकृताचा विकार, थायरॉइडचा त्रास, प्रोस्टेटचा विकार असणाऱ्यांनी, आणि झोपेची, साखरेची, रक्तदाबाची किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अश्वगंधा सुरू करू नये. तिच्यामुळे थायरॉइडची पातळी वाढू शकते आणि यकृताला इजा झाल्याची प्रकरणे नोंदली गेली आहेत. पार्किन्सनचे औषध घेणाऱ्यांनी कवचबीज टाळावे, कारण पार्किन्सनच्या उपचारात वापरला जाणारा एल-डोपा त्यात मुळातच असतो. मेथीचा अर्क साखर कमी करणाऱ्या गोळ्यांबरोबर घेतल्यास साखर अधिक उतरू शकते.

एका वेळी एकच वनस्पती घ्यावी, आठ ते बारा आठवड्यांची मुदत ठरवावी आणि आधीची व नंतरची तपासणी त्याच प्रयोगशाळेत, त्याच वेळी करावी. लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, अंगाला खाज सुटणे किंवा भूक मरणे यांपैकी काही जाणवले, तर त्याच दिवशी गोळी बंद करून यकृताची तपासणी करावी. मुदतीअखेर आकडा हलला नाही, किंवा आकडा हलूनही तुमची मूळ तक्रार तशीच राहिली, तर दुसरी बाटली आणू नये.

झोप सात तासांवर नेणे, पोटाचा घेर उतरवणे, दारू कमी करणे आणि मधुमेह आटोक्यात आणणे यांनी अनेकांचा आकडा खरोखर सुधारतो. पर्वती किंवा तळजाईची टेकडी रोज चढणाऱ्या आणि त्याबरोबर जेवण आवरणाऱ्या माणसाला पुढच्या तपासणीत फरक दिसू शकतो, हे मी माझ्या गिऱ्हाइकांच्या अहवालांत पाहिले आहे.

दोन्ही सकाळचे आकडे खरोखर कमी आले आणि लक्षणेही असली, तर संप्रेरकतज्ज्ञांकडे किंवा पुण्याच्या ससून रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जावे. एलएच आणि प्रोलॅक्टिन (पियुषिकेचेच आणखी एक संप्रेरक) पाहून दोष वृषणांत आहे की पियुषिकेत, हे ते ठरवतील. मूल हवे असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगावे. व्यायामशाळेत मिळणारे टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन घेतले, की टाकीतला तो बॉल नळ बंद करतो, वृषणांचे काम थांबते आणि शुक्राणू शून्यावर जाऊ शकतात. इंजेक्शन बंद केल्यावर ते परत यायला कित्येक महिने लागतात. यापूर्वी असे इंजेक्शन घेतले असेल किंवा एखादी बाटली चालू असेल, तर ती बाटलीच पिशवीत टाकून डॉक्टरांपुढे ठेवावी.